टँगच्या बरणीतलं सॅम्पल

भानुदास रेगे यांनी आयुष्यात कुठलीही वस्तू तीन कोटेशनं घेतल्याशिवाय विकत घेतली नव्हती. गल्फमध्ये, देऱ्यातल्या एका जनरल ट्रेडिंग कंपनीत ते पर्चेस ऑफिसर होते, त्यामुळे ऑफिसात हे ठीकच होतं. पण घरचा कुकर, मुलीचं दप्तर, मुंबईचं विमानाचं तिकीट आणि दाढ काढणारा डॉक्टर हेही त्याच पद्धतीनं ठरत. तीन रकाने आखायचे, शेवटी 'शेरा' म्हणून चौथा ठेवायचा आणि सगळ्यात स्वस्त असेल त्यावर बरोबरची खूण करायची. ह्या नियमाला अपवाद एकच होता, तो म्हणजे त्यांची बायको कमलिनी. तिला त्यांनी पहिल्याच बैठकीत होकार दिला होता. चारचौघांत हे ते मोठ्या दिलदारपणे सांगत आणि दर वेळी कमलिनी पोह्यांची बशी पुढे करत म्हणे, "मी मात्र तीन पाहिले होते. हे सगळ्यात स्वस्तात पडले." लोक हसत. भानुदासही हसत, पण ते हसू ओठांच्या आत जात नसे.

तर ह्या कंपनीचे मालक, म्हणजे सगळ्यांचे अर्बाब, वर्षाकाठी दोनदा ऑफिसात येत आणि त्यांचा मुलगा खलीफा दिवसाकाठी दोनदा येई. पोरगा मनानं राजा होता, फक्त त्याला छंद बदलण्याचा छंद होता. ससाणा पाळून झाला, पाण्यावरची स्कूटर बुडवून झाली आणि अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात त्यानं पिस्तुलाची नेमबाजी धरली. शहराबाहेर वाळूत एक शूटिंग क्लब होता. तिथले परवानाधारक मेंबर नुसत्या गोळ्या झाडून थांबत नसत. झाडलेल्या गोळीची रिकामी पितळी पुंगळी उचलून, पुसून-बिसून, क्लबच्याच एका खोलीत बसून ती पुन्हा भरत.

हे ऐकून भानुदासांना भरून आलं. ते स्वतः पेनाची रिफिल बदलणारे, टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी कापून आतली शेवटची पेस्ट वापरणारे गृहस्थ. ज्या गावात लोक धडका सोफा रस्त्याकडेला ठेवून नवा घेऊन येतात, त्या गावात कोणीतरी वापरलेलं काडतूस टाकून देत नाही, ह्यात त्यांना थेट आपल्या आईचे संस्कार दिसले.

खलीफानं त्यांना सगळं समजावून सांगितलं. पुंगळीच्या बुडाशी एक इवलीशी पितळी टोपी बसते. पिस्तुलाचा घोडा सुटला की फटका तिच्यावर बसतो, ठिणगी पडते आणि पुढचं रामायण घडतं. तिला प्रायमर म्हणतात. भानुदासांनी मनातल्या मनात तिचं नाव टिकली ठेवलं, कारण लहानपणी दिवाळीत खेळण्यातल्या बंदुकीतून फोडलेल्या टिकल्यांची ही थोरली बहीण असावी असं त्यांना वाटलं. अडचण अशी होती की चांगल्या टिकल्या महाग आणि अर्बाबनी मुलाचा हातखर्च नुकताच आखडला होता.

"मिस्टर भानू," खलीफा म्हणाला, "अमेरिकन बहुत महंगा. क्लब में एक बोलता है ब्राझील वाला लो, दूसरा बोलता है झेक लो, तीसरा बोलता है रशिया सबसे सस्ता. तुम कंपेअर करो. तुम सस्ता का उस्ताद है."

भानुदास गंभीर झाले. "सॅम्पल?" त्यांनी विचारलं. सॅम्पल हातात घेतल्याशिवाय त्यांनी कधी ऑफिसचा झाडूही घेतला नव्हता.

खलीफा खाली जाऊन गाडीतून तीन छोटे डबे घेऊन आला. "सॅटरडे को वापस. और हबीबी, किसी को बोलना नहीं. ये क्लब से बाहर लाना मना है."

'मना है' हे शब्द भानुदासांनी ऐकले, नाही असं नाही. पण त्याआधीचा 'उस्ताद' कानात अजून घुमत होता. नोकरीच्या इतक्या वर्षांत त्यांना कोणी उस्ताद म्हटलं नव्हतं. त्यांचा मॅनेजर तर त्यांना 'ओ रेगे' म्हणे. त्यांनी तिन्ही डबे बॅगेत, जेवणाच्या डब्याशेजारी ठेवले, गुरुवारची अर्धी सुट्टी साधून टॅक्सी पकडली आणि ऊद मेथातल्या आपल्या फ्लॅटमध्ये येऊन जेवणाच्या टेबलावर ताव पसरला.

काम त्यांनी मन लावून केलं. प्रत्येक डब्यात सरकता प्लॅस्टिकचा ट्रे होता आणि ट्रेच्या प्रत्येक खळग्यात एक एक टिकली स्वतंत्र बसवलेली होती. ब्राझीलच्या चकचकीत होत्या, झेकच्या ठेंगण्या वाटत होत्या, रशियाचा पुठ्ठा जरा हलका होता. "शंभराला बारा दिरहम," ते पुटपुटले, "म्हणजे रुपयांत सव्वाशेच्या वरच गेलं की हो," आणि किंमत खिशातून जाणार होती खलीफाच्या, तरी त्यांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. डब्यांवर बारीक टायपात इंग्रजी सूचना होत्या: मूळ डब्यातून काढू नये, एकत्र ओतू नये, काचेच्या किंवा धातूच्या भांड्यात भरू नये, हलवू नये, ठोकू नये, नाहीतर सगळ्या एकदम उडू शकतात. भानुदासांनी त्या तिन्ही डब्यांवर अथपासून इतिपर्यंत वाचल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'सूचना स्पष्ट व सुवाच्य. पॅकिंग समाधानकारक.'

"काय आहे हे?" कमलिनीनं पदराला हात पुसत विचारलं.

"ऑफिसचं," भानुदास म्हणाले. ऑफिसची गोष्ट घरात बोलायची नाही हे त्यांचं तत्त्व होतं. त्या तत्त्वामुळे कमलिनीला आजवर त्यांचा पगारसुद्धा पासबुकातूनच कळत आला होता.

इथं कमलिनीची एक सवय सांगायला हवी, नाहीतर वाचक उगीच तिला बोल लावतील. गल्फमध्ये संसार केलेल्या बाईला पुठ्ठ्याचा खोका दिसला की झुरळ दिसतं. सुपरमार्केटच्या खोक्यातून झुरळ घरात येतं आणि एकदा आलं की व्हिसा न लागता पिढ्यान्‌पिढ्या राहतं. त्यामुळे घरात आलेली प्रत्येक वस्तू ती दारातच खोक्यातून काढून बरणीत ओतत असे. डाळी, साखर, औषधाच्या गोळ्या, खिळे, सगळ्याला टँगच्या रिकाम्या काचेच्या बरण्या. शेजारच्या, शिवणकाम करणाऱ्या कुलसुम आपांसाठी भानुदासांनी तीन दुकानं फिरून घाऊक भावात पितळी बटणं आणली होती, शाळेच्या युनिफॉर्मना हातोडीनं ठोकून बसवायची. तीही कमलिनीनं एका टँगच्या बरणीत भरून फडताळात ठेवली होती. आपांनी सवडीनं न्यायची होती.

शुक्रवारी सकाळी भानुदास उशिरा उठले, चहाचा कप घेऊन टेबलाशी आले आणि पाहतात तो टेबल स्वच्छ. आरशासमोर कमलिनी बसलेली. तिच्यापुढे ते तीन प्लॅस्टिकचे ट्रे, आणि एकेका खळग्यात तिची कानातली: मोत्याच्या कुड्या, लेक अपूर्वाच्या रिंगा, मामींनी दिलेले खडे.

"किती बाई छान खण आहेत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी असलं काहीतरी शोधत होते."

"आणि आतल्या टिकल्या?" भानुदासांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"त्या होय? टँगच्या बरणीत ओतल्या. खोके कचऱ्याच्या चूटमधून खाली टाकले. तिन्ही मिळून एका बरणीत मावतात का बघायला चांगली हलवून, ओट्यावर आपटून बसवल्या. मावल्या."

भानुदास खुर्चीवर बसले. कप त्यांनी आवाज न करता खाली ठेवला. शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच 'स्पष्ट व सुवाच्य' म्हणून नोंदलेल्या सूचना आता त्यांना एकेक करून आठवत होत्या आणि बायकोनं त्यातली एकही मोडायची शिल्लक ठेवली नव्हती.

आता ह्या क्षणी कमलिनीला खरं सांगून टाकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सांगायचं काय? की मी बंदुकीचा दारूगोळा जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला? भानुदासांच्या डोळ्यांसमोर भराभर चित्रं आली. कोणी दारावरची बेल वाजवतं. परवाना विचारतं. व्हिसा पुढच्याच आठवड्यात रिन्यू व्हायचा होता, पासपोर्ट कंपनीकडे जमा होता, अपूर्वाची दहावीची परीक्षा मार्चमध्ये होती. विमानतळावर चौघांच्या सामानाची बांधाबांध दिसली आणि मग त्यांना आठवलं की आपण मुळात तिघंच आहोत. भीतीनं माणसाचं गणित असं बिघडतं.

"ऑफिसचं सॅम्पल आहे, आजच परत द्यायचंय," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी खलीफाला मोबाईल लावला. मोबाईल बंद, म्हणजे स्वारी वाळवंटात. मग त्यांनी ती चूक केली जी प्रत्येक सुशिक्षित माणूस संकटात करतो: सल्ला विचारला. वरच्या मजल्यावर रुपेश राहत असे, एका विमा कंपनीत क्लेम पाहायचा, आणि जगातली प्रत्येक गोष्ट कशी जळते, बुडते आणि फुटते ह्याची त्याला माहिती होती.

"समजा," भानुदास त्याच्या दारात उभे राहून म्हणाले, "एखाद्या मित्राच्या घरात थोडं स्फोटक... म्हणजे फार नाही, बरणीभर..."

"रेगेकाका, आत या," रुपेश म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. "मित्राला म्हणावं, संडासात टाकून फ्लश कर. नको, पाइप फुटला तर खालचे क्लेम करतील. खाडीत टाक म्हणावं. तेही नको, कोणी बघितलं तर खलास. पोलिसांना सांग, रस्त्यात सापडलं. पण कुठल्या रस्त्यात, ते आधी पाठ करून ठेव." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मित्राचा होम इन्शुरन्स आहे का? नसेल तर आज काढता येईल. उद्यापासून लागू होतो."

भानुदास खाली आले ते मनाशी ठरवूनच. भीक नको पण कुत्रा आवर. सरळ क्लबवर जायचं, बरणी त्यांच्या हवाली करायची, मान खाली घालायची, पाया पडायचं. कमलिनी अंघोळीला गेली होती. अपूर्वा हॉलमध्ये कॉम्प्युटरपुढे होती. भानुदासांनी फडताळ उघडलं, पितळेचा चकाका दिसला तशी डोळे अर्धवट मिटून समोरची बरणी उचलली, टर्किश टॉवेलात गुंडाळली आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून जिना उतरले. लिफ्टला झटका बसतो.

टॅक्सीवाला पठाण होता. रस्त्यातल्या प्रत्येक उंचवट्याआधी भानुदास म्हणत, "भाईसाहब, धीरे, बहुत धीरे." दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं आरशातून मागं पाहिलं. टॉवेलात काहीतरी कवटाळून बसलेला, पांढराफटक पडलेला, ओठ हलवत रामरक्षा म्हणणारा माणूस त्याला दिसला.

"घर में किसी का इंतकाल हुआ है?" त्यानं हळूच विचारलं.

"अभी तक नहीं," भानुदास म्हणाले.

पठाणानं रेडिओ बंद केला आणि उरलेला रस्ता बैलगाडीच्या चालीनं काटला. उतरताना त्यानं पैसेसुद्धा घ्यायला नाही म्हटलं. एरवी भानुदासांना ह्याचा केवढा आनंद झाला असता.

क्लबच्या फाटकावर मात्र घोडं पेंड खायला लागलं. पहारेकऱ्यानं हात आडवा घातला. "आज फ्रायडे. डिलिव्हरी बंद."

"डिलिव्हरी नहीं. वापस देने आया हूँ."

"वापसी के लिए आउट-पास दिखाओ."

"आउट-पास नहीं है."

"तो सामान बाहर गया ही नहीं," पहारेकरी शांतपणे म्हणाला. "जो बाहर गया ही नहीं, वो अंदर कैसे आएगा?"

भानुदास स्वतः पर्चेसमधले. एरवी ह्या तर्काला त्यांनी मनातून दाद दिली असती, त्यांनीही अनेक सप्लायरांना असंच ताटकळत ठेवलं होतं. पण वरून ऊन लागत होतं आणि काच तापत होती. त्यांनी टॉवेलाचं एक टोक बाजूला केलं आणि आत काय आहे ते एका शब्दात सांगितलं. पहारेकरी दोन ढांगांत आपल्या खोलीमागे गेला आणि तिथूनच त्यानं वॉकीटॉकीवर कोणालातरी बोलावलं.

आले ते जमाल साहेब, क्लबच्या शस्त्रागाराचे प्रमुख, मूळचे कराचीचे. मिशा अशा की त्यांच्यासमोर माणूस आपोआप खरं बोलावा. भानुदासांनी सगळं सांगितलं, खलीफाचं नाव घेतलं, टेबल सांगितलं, टँग सांगितलं. बायकोनं बरणी आपटली हा भाग तेवढा गाळला. जमाल साहेबांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी लाल बावटा चढवायला लावला, गोळीबार थांबला, मेंबर लोकांना भिंतीपलीकडे नेलं. भानुदासांना बरणी एका वाळूच्या चौकोनात ठेवून मागे न पाहता चालत यायला सांगितलं. भानुदास चालत आले. आपल्या आयुष्यात आपल्यासाठी एवढी माणसं थांबलेली त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिली.

जमाल साहेब काचेचा मुखवटा आणि जाड हातमोजे घालून गेले, गुडघ्यावर बसले, झाकण फिरवलं. भिंतीपलीकडे कोणी श्वास घेत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांनी मुखवटा वर केला.

"रेगे साहब, ये तो बटन हैं."

भिंतीमागून कोणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. एक मेंबर तर भिंतीला टेकून खाली बसला. भानुदासांचे कान तापले. एरवी ह्या अपमानावर ते आठवडाभर जेवले नसते. पण त्यांचं लक्ष त्या हसण्यात नव्हतंच. बटणांची बरणी इथं, म्हणजे टिकल्यांची बरणी तिथं. फडताळात पितळेची एकच बरणी उरली. आणि कुलसुम आपांनी बटणं मागितली तर कमलिनी तीच बरणी उचलून देणार, आणि आपा ती बटणं काय करणार? हातोडीनं ठोकणार.

"फोन," भानुदास म्हणाले. "फोन कुठंय?"

क्लबच्या ऑफिसातून त्यांनी घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. अपूर्वा इंटरनेटवर होती. प्रोजेक्टसाठी म्हणून घेतलेल्या त्या कनेक्शनवर ती मैत्रिणींशी तासन्‌तास गप्पा टाइप करत बसे आणि तेवढा वेळ रेग्यांच्या घराचा जगाशी संबंध तुटे. हे कनेक्शनही भानुदासांनी तीन कोटेशनं घेऊनच आणलं होतं. दुसऱ्या फोन लाइनचा खर्च वाचतो असा शेरा मारून. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. व्हिसाबद्दल ते आता विचार करत नव्हते. कमलिनी, अपूर्वा आणि ती बिचारी आपा, एवढंच त्यांना दिसत होतं, आणि देवा, नोकरी घे, परत पाठव, पण एवढं सांभाळ, असं ते मोठ्यानं म्हणून गेले.

जमाल साहेबांना मराठी कळत नव्हती, पण हे कळलं. "यल्ला, चलो," ते म्हणाले आणि एक लोखंडी पेटी घेऊन जीपमध्ये बसलेसुद्धा. येताना पठाणानं जो रस्ता बैलगाडीच्या चालीनं काटला होता, तो जमाल साहेबांनी असा कापला की भानुदासांची रामरक्षा पहिल्या श्लोकापुढे गेलीच नाही.

इमारतीत ते जिन्यानं धावत वर आले. घराचं दार उघडं. अपूर्वा कॉम्प्युटरपुढे.

"टँगची बरणी कुठंय?"

"विच वन, बाबा?"

"पितळेची. बटणांची. कुठंय?"

"ओह, दॅट. कुलसुम आंटीला दिली, आईने सांगितलं. व्हाय आर यू स्वेटिंग सो मच?"

आणि तेवढ्यात, शेजारच्या भिंतीपलीकडून आवाज आला. ठक. ठक. ठक.

 भानुदास भिंत धरून शेजारच्या दारापर्यंत कसे पोहोचले हे त्यांना पुढं कधीच आठवलं नाही. बेल वाजवायचं धैर्य झालं नाही. बेलनंसुद्धा ठिणगी पडते असं कुठंतरी वाचलं होतं. त्यांनी बोटांच्या पेरांनी दार वाजवलं. "आपा, ठोकू नका," ते म्हणाले, "तुम्हाला माझी शपथ, ठोकू नका."

आवाज थांबला. दार उघडलं. कुलसुम आपा, दापोलीकडच्या, डोक्यावर ओढणी आणि हातात खलबत्त्याचा बत्ता. मागून लसूण-मिरचीचा घमघमाट आला.

"काय झाला रे भाऊ?" आपा म्हणाल्या. "कालवणाचा वाटण करतंय. मिक्सर बिघडलाय. एवढा काय त्रास झाला तुला?"

"बटणं... बरणी..."

"ती काय, टीव्हीवर." बघतात तो टीव्हीच्या डोक्यावर, विणलेल्या जाळीदार रुमालावर, टँगची बरणी सुखानं बसलेली. "उघडली पण नाय. आज जुम्मा. जुम्म्याला मी शिलाईला हात लावत नाय, माझ्या आईनंच सवय लावलेली. उद्या सकाळी बसणार होतंय ठोकायला."

भानुदासांचा जीव भांड्यात पडला. तो इतका जोरात पडला की त्यांना तिथंच दाराच्या चौकटीत बसावं लागलं. आपांनी पाणी आणलं. ते पाणी पिताना त्यांना हुंदका फुटला आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. आयुष्यभर जपलेला रुबाब त्यांनी त्या चौकटीत एका पाण्याच्या पेल्यावर विकला आणि ह्या सौद्याला दुसरं कोटेशन मागितलं नाही.

जमाल साहेबांनी हलक्या हातानं बरणी उचलली, आतल्या मऊ अस्तराच्या पेटीत ठेवली, पेटी खाली नेऊन जीपमध्ये पक्की केली आणि परत वर आले. तोवर गडबड ऐकून कमलिनीही बाहेर आली होती. जमाल साहेबांनी तिला सगळं हिंदीत समजावलं. ऐकता ऐकता तिचा हात गळ्याशी गेला. पण घाबरणं झाल्यावर बायका जे करतात ते तिनं केलं, म्हणजे चिडली.

"तुम्ही कुकर घेताना मला तीन कंपन्यांच्या शिट्ट्या ऐकवल्यात," ती भानुदासांना म्हणाली. "आणि घरात दारूगोळा आणलात तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. ऑफिसचं, म्हणे. मी ते आपटलं हो ओट्यावर. माझ्या हातानं आपटलं."

 जमाल साहेबांनी मिशी दातांत धरली. आपटल्याचं त्यांना आत्ताच कळत होतं. "बाजी, अल्लाह का शुक्र कीजिए," ते म्हणाले. "ये माल अब किसी काम का नहीं. हम इसको ज़ाया कर देंगे. बस वो ट्रे भी दे दीजिए."

"ट्रे?" कमलिनीचा चेहरा पडला. "सगळे?" एवढ्या प्रसंगातून गेल्यावरही तिनं एकेक कुडी काढताना दर खळग्याला एक उसासा टाकला.

निघताना भानुदास त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले.  "साहब, रिपोर्ट में..."

"रिपोर्ट तो लिखनी पड़ेगी," जमाल साहेब म्हणाले. भानुदासांनी डोळे मिटले. "जो बाहर लेके गया, उसका नाम लिखूँगा. उसके वालिद मुझे जानते हैं, घर में ही बात निपट जाएगी. जो डरते-डरते वापस लाया, उसका नाम लिखने का ख़ाना मेरे फ़ॉर्म में है ही नहीं." आणि मग, दोन पायऱ्या उतरून, "बटन भिजवा दूँगा. अच्छे हैं. कितने में लिए?"

शनिवारी खलीफा ऑफिसात आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. अर्बाबनी पिस्तूल काढून घेतलं होतं, क्लबची मेंबरशिप खलास, आणि आता टेनिस सुरू होणार होतं. तरी त्यानं विचारलं, "मिस्टर भानू, कौन सा अच्छा था?"

भानुदासांनी बॅगेतून ताव काढला. तीन रकाने, वजन, भाव, पॅकिंग, सगळं जागच्या जागी होतं. शेऱ्यात मात्र नव्यानं एक ओळ होती: 'तिन्ही एकाच बरणीत गेल्यानंतर फरक सांगता येत नाही. तयार काडतुसं महाग असली तरी तीच घ्यावीत.' सगळ्यात महाग मालाची शिफारस करायची ही त्यांची कारकिर्दीतली पहिलीच वेळ. खलीफानं ती वाचली, हसला आणि म्हणाला, "सॉरी, मिस्टर भानू." अर्बाबच्या मुलाच्या तोंडून हा शब्द ऑफिसात कोणी ऐकला नव्हता. टेनिसच्या रॅकेटांची कोटेशनं काढाल का, असं विचारायला तो दुपारी पुन्हा आला. भानुदासांनी सांगितलं, काढतो, पण सॅम्पल नको.

पुढच्या आठवड्यात नव्या व्हिसाचा शिक्का बसून पासपोर्ट हातात आला. संध्याकाळी भानुदासांनी तो घरी आणून, ऑफिसची गोष्ट असूनही, कमलिनीच्या हातात दिला. मग चहा घेता घेता त्यांनी सगळं सांगितलं. फाटकावरचा पहारेकरी, मेंबरांचं हसणं, एंगेज लागलेला फोन. रिसीव्हर ठेवल्यावर देवाजवळ काय मागितलं तेही सांगितलं. नोकरी घे म्हणालो, असं सांगताना त्यांना जरा लाज वाटली, कारण नोकरी तशी चांगली होती.

 पासपोर्टातला शिक्का कमलिनीनं बोटानं चाचपून पाहिला.

"ते मी लोकांना सांगते ना, तीन पाहिले होते म्हणून," ती म्हणाली.

"हं."

"खोटं आहे ते. एकच पाहिला होता."

भानुदास रेग्यांनी मान हलवली. मग इतकी वर्षं तीन का म्हणत होतीस, हा तोंडावर आलेला प्रश्न त्यांनी गिळला, कमलिनीच्या हातातला रिकामा कप घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण होऊन दुसरा चहा ठेवायला उठले.